टीव्हीतले डॉक्टर

आमच्या शिरूरकडच्या दवाखान्यात टेलिमेडिसिनची खोली झाली. पुण्याचे मोठे डॉक्टर टीव्हीवर येऊन आमचे पेशंट बघणार होते, पण लाईन वेळेवर लागेल तर शपथ! मी तिथली सिस्टर. पेशंटला खुर्चीत बसवायचं आन् आपण दारात येरझाऱ्या घालायच्या. एवढं ताटकळल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय?

उद्घाटनाला खरा पेशंट नको, म्हणून पाहुण्या साहेबांच्या ड्रायव्हरलाच बसवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचा ईसीजी बघितला आन् म्हणाले, "यांना आजच ॲडमिट करा. गाडी अजिबात चालवू देऊ नका." साहेब एसटीनं घरी गेले.

एकदा सकाळपासून लाईन नाही. पुण्याहून इंजिनियरचा फोन, "तिकडं ढग आहेत का?" मी तणतणत गच्चीवर गेले. आमच्या शिपायानं लाईनच्या डिशवर ओली गोधडी वाळत घातलेली. खाली येऊन फोनवर सांगितलं, "ढग नाहीत हो, गोधडी आहे."

कवठे येमाईच्या एक आजी टीव्हीपुढं जीभच काढेनात. म्हणाल्या, "आमच्या व्याह्याच्या घरी टीव्ही हाय. त्यांनी बघितलं तर?"

"आजी, हे फक्त डॉक्टरांना दिसतंय."

"व्हय? मग त्यांना म्हणावं, दार लावून घ्या."

आन् इब्राहिमचाचा. कोरेगाव भीमाचे टेलर, पायानं मशीन मारणारे. शुगरमुळं अंगठा काळा पडून पाय सुजला होता. लोकांनी डोक्यात भरवलेलं, आता पाय घोट्यापासून जाणार. "पाय गेला तर मशीन गेली, सिस्टर," एवढंच ते घोकत होते. काय काढायचं, ते पुण्याचे डॉक्टर सांगणार होते.

नेमकं त्या दिवशी चित्र लागलं आन् आवाज गेला. डॉक्टर बोलतायत, आम्हाला काही ऐकू येईना. फोन लावला तर एंगेज. चाचांना घाम फुटलेला, माझा जीव टांगणीला. शेवटी मीच चाचांच्या पायाकडं बोट दाखवून, किती काढायचा, अशी खूण केली.

डॉक्टर उठले. बूट काढून स्वतःचा पाय टेबलावर ठेवला. अंगठा तेवढा कापायचा, असं बोटानं दाखवलं. मग बाकीच्या पायावरनं हात फिरवून जोरजोरात मान हलवली. तो राहणार.

मला रडूच आलं. चाचा टीव्हीजवळ सरकून डॉक्टरांचा पाय निरखत होते.

"सिस्टर," ते म्हणाले, "सायबांच्या मोज्याला भोक पडलंय. पाठवून द्या म्हणावं, रफू करून देतो."