धुळ्याचे कार्ड, धुळ्याचा डबा

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. साठी उलटल्यावर त्यात पाऊल टाकणे हे धाडसच आहे, आणि त्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. आयुष्यभर मी लिहिले ते यंत्रांच्या बिघाडांचे अहवाल. ‘बिघाड आढळला’, ‘भाग बदलण्यात आला’ अशा वाक्यांत कोणी बदलला, कोठून आणून बदलला, हे येत नसे. एक अहवाल मात्र तसा लिहून मला कधीच पुरा वाटला नाही. तो येथे पुन्हा लिहितो आहे, एवढेच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी दुरुस्ती विभाग सांभाळत असे. पाइपांच्या प्लास्टिक जोडांचे साचे आम्ही तयार करत असू. आमच्या मालकांनी परदेशात वापरून झालेली दोन सीएनसी मिलिंग मशीन एकदमच विकत घेतली होती. कागदी पट्टीवरचे आकडे वाचून लोखंड कोरणारी ती यंत्रे खानदेशात तेव्हा अपूर्वाईचीच होती. एक जळगावला बसवले. दुसरे, हुबेहूब तसेच, त्यांच्याच धुळ्याच्या लहान शेडमध्ये. तेथे पंपांचे भाग होत. धुळ्याची सारी शेड त्या एका मशीनवर चालत असे आणि ते मशीन एका कारागिरावर. धुळ्याजवळच्याच एका खेड्यातला हा माणूस माझ्याहून थोडा मोठा होता, तरी मला ‘भाऊ’ म्हणे. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. तिला सोडून जळगावला येणे त्याला शक्य नव्हते, आणि धुळ्यात तसे दुसरे मशीन नव्हते. हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. पुढे जे झाले ते अजाणतेपणी झाले असे मला म्हणता येत नाही, ते यामुळेच.

दोन्ही यंत्रे मुळात म्हातारी. उन्हाळ्यात आमचे पत्रे तापले की जळगावच्या मशीनचे विजेचे कपाट आतून भट्टीसारखे होई; मी त्याची दारे उघडून समोर टेबलफॅन लावून ठेवत असे. मालक येता-जाता म्हणत, “इंजिनिअरसाहेब, घरच्या माणसांना कधी असा वारा घातला का?” विजेचा दाब खाली-वर झाला की पडद्यावर अलार्म येई. मोटरींचे कार्बन झिजत, त्यांची काळी भुकटी साफ करावी लागे. या साऱ्या आजारांची मला सवय झाली होती, आणि खरे सांगायचे तर थोडी हौसही.

एका वर्षी पावसाळा सरत असताना निराळाच बिघाड उद्भवला. काम चालू असताना टेबल डावीकडून उजवीकडे सरकू लागले की थरथरे आणि जागीच थबके. कोरलेल्या साच्यावर थरथरीच्या रेघा उमटत. मी केबल तपासल्या, मोटर उघडून साफ केली, स्क्रूचा ढिलेपणा मोजला. काही सापडेना. तेव्हा अशा वेळी करायची जुनी युक्ती केली. टेबल आडवे सरकवणाऱ्या मोटरीला हुकूम देणारे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असते, पुढे-मागे सरकवणाऱ्या मोटरीलाही तसेच दुसरे. मी त्या दोन कार्डांची अदलाबदल केली. आता टेबल आडवे नीट चालू लागले आणि पुढे-मागे जाताना थरथरू लागले. दुखणे कार्डाबरोबर गेले होते. म्हणजे कार्डच खराब होते.

ते कार्ड बनवणे परदेशी कंपनीने केव्हाच थांबवले होते. मालकांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “धुळ्याचं कार्ड इथं बसतं की नाही?”

“बसतं. पण मग धुळ्याचं मशीन…”

“बसतं ना? मग आणा. तपासून तर बघा.”

‘तपासून बघा’ हे मला सोयीचे वाटले. चाचणीपुरते आणायचे, आपले कार्ड पुण्याला दुरुस्तीस पाठवायचे, ते आले की धुळ्याचे परत. मनाशी अशी मांडणी करून मी एसटीत बसलो. एरंडोल गेले, पारोळे गेले, आणि ती मांडणी हळूहळू सैल होत गेली. पुण्याच्या दुरुस्तीचा मला अनुभव होता; तिकडून अशी कार्डे क्वचितच नीट होऊन येत. तरी धुळ्याला उतरल्यावर मी कारागिराला तेच सांगितले, “चाचणीपुरतं नेतो.”

त्याने चालू काम पुरे केले, मशीन बंद केले, आणि मी कार्ड काढत असताना बाजूला उभा राहून एकदाच म्हणाला, “म्हनजे एक बैल आते गाडीले आन दुसरा दावनले.” दावणीला बांधून राहणारा दुसरा बैल म्हणजे त्याचेच मशीन. मी हसलो. तोही हसला, पण माझ्यानंतर.

कार्ड गुंडाळायला मी वर्तमानपत्र नेले होते. ते पाहून तो म्हणाला, “एसटीनी गर्दीमां चेंदा व्हई जाई, भाऊ.” मग आपला जेवणाचा उभट चौकोनी डबा त्याने धुतला, उन्हात पालथा घालून कोरडा केला, आत जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला आणि कार्ड त्यात ठेवले. ते जणू त्या डब्यासाठीच बनले होते. देताना म्हणाला, “डबा तेवढा परत आना हां. मनी मायना शे.” डबा त्याच्या आईचा होता.

जळगावला ते कार्ड बसवले आणि मशीन पूर्वीसारखे चालू लागले. मालक टेबलाजवळ बराच वेळ उभे राहिले. जाताना म्हणाले, “आता याला हात लावायचा नाही.” मी मान हलवली. तेव्हा बोलायला हवे होते, एवढे मला त्या क्षणीही कळत होते. साच्यांचे काम अडले होते आणि जळगावच्या शेडवर धुळ्याहून कितीतरी अधिक घरे अवलंबून होती, हे खरे आहे. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. खऱ्या गोष्टीचाही आडोसा करता येतो.

पुण्याला पाठवलेले कार्ड दुरुस्त न होता परत आले.

खंडेनवमीला मालकांनी मला धुळ्याच्या शेडवर पूजेसाठी पाठवले. आदल्या संध्याकाळी मी पत्नीला म्हटले, तो डबा पिशवीत टाक, द्यायचा आहे. ती म्हणाली, “दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं? लोक काय म्हणतील?” आमच्याकडे ही रीत कोणी शिकवत नाही, वाटीभर दही आणले तरी वाटी परत जाताना तिच्यात चिमूटभर साखर तरी असते. तिने डबा करंज्यांनी भरला आणि वर तोच लुगड्याचा तुकडा, धुऊन घडी करून, ठेवला.

धुळ्याची शेड झाडून स्वच्छ केलेली होती. मशीनला झेंडूची माळ घातली होती. मी टेबलावर हात ठेवला. बोटांना ताजे तेल लागले. मशीन बंद होते तरी तो रोज तेल देत होता, आणि झाकण काढून स्क्रू हाताने फिरवून टेबल थोडे थोडे सरकवत होता, गंज धरू नये म्हणून. पगार चालू होता, पण काम नव्हते. दिवसभर तो एवढेच करत असे.

मला काहीतरी बोलायचे होते म्हणून मी म्हणालो, “बंद मशीनचीही पूजा केलीत.”

“पोयाले काय करतस, भाऊ? जो कामले जास त्या बैलनी पूजा व्हस, आन जो बठेल शे त्यानीबी व्हस. बठ्ठासनी व्हस.” पोळ्याला जशी सगळ्याच बैलांची पूजा होते, तशी ही. मग नारळ माझ्या हातात देऊन म्हणाला, “फोडा. तुमना हात लागना म्हनजे उठी बसी ते.” माझा हात लागला की मशीन उठून बसेल, हा टोमणा होता की विश्वास, हे मला आजही ठरवता आलेले नाही. मी नारळ फोडला.

प्रसाद वाटून झाल्यावर त्याने विचारले, “डबा नही आना का?”

डबा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. मला त्याचे वजन जाणवत होते. आत कार्ड असायला हवे होते, आणि होत्या करंज्या. त्या त्याच्या हातात ठेवल्या असत्या, तर रीत पुरी झाली असती. घेणेदेणे फिटले असते, आणि फिटले असे म्हणणारा मी ठरलो असतो. मी म्हणालो, “विसरलो.”

“ऱ्हाऊ द्या. पुढला येले आना.” पुढच्या वेळी आणा, असे तो म्हणाला.

रात्री पत्नीने पिशवी उघडली आणि भरलेला डबा पाहून माझ्याकडे पाहिले.  करंज्या आम्ही खाल्ल्या नाहीत. तिने त्या शेजारी वाटल्या.

पुढची वेळ आली ती शेड बंद झाल्यावर. जळगावच्या मशीनला लागतील ते सुटे भाग काढून आणण्याचे काम अर्थातच माझ्याकडे होते. त्या वेळी मी डबा नेलाच नाही. तो कारागीर आपणहून मदतीला आला. मोटरी, पंखे, स्क्रू, एकेक वस्तू त्याने पुसून माझ्या हातात दिली. त्याला गावाजवळच्या जिनिंगमध्ये काम मिळाले होते, कापसाच्या गाठी उचलण्याचे. निघताना त्याने फक्त विचारले, “जळगावनं मशीन चालस ना?”

“चालतंय.”

“मंग बरं शे.”

डब्याची आठवण त्याने काढली नाही. त्याची आई मधल्या काळात गेली होती, हे मला परतताना एसटी स्टँडवर दुसऱ्या कोणाकडून कळले.

जळगावचे मशीनही नंतर मोडीत गेले. त्याचे सारे भाग गेले, ते एक कार्ड मात्र मी मागून घेतले. ते घरी आहे. डबाही आहे, पत्नी तो वर्षातून एकदा घासते आणि पुन्हा फळीवर पालथा ठेवते. कार्ड आता कोणत्याही मशीनला बसणार नाही. तो माणूस अजून त्याच गावी राहतो असे ऐकतो, आणि धुळ्याची बस आमच्या घराजवळूनच जाते.

रिकामा डबा परत देऊ नये, हे मला पटते. पण या डब्यात मी काय घालून न्यावे, हे तुम्ही सांगाल का?