सारवलेल्या भिंतीतल्या माश्या

मी आज जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, ते सुरवाडे सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. बोदवडच्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे आणि धडा कोणताही असो, शेवटी भडगावजवळच्या आपल्या घराच्या भिंतीपाशी येऊन थांबायचे. त्या भिंतीत डंख नसलेल्या मधमाश्या राहत. काळ्या, तांदळाच्या दाण्याहून लहान. दाराला डिंक-मेणाची नळी, नळीच्या तोंडाशी पहारा. "खुंटीच्या खाली, वीतभर," असे सर फळ्यावर वीत टेकवून दाखवत. ती भिंत मी कधी पाहिली नव्हती, पण खुंटी मला पाठ होती.

सरांनी मागे ते घर विकले आणि ते नाशिकला मुलीकडे गेले. हल्ली त्यांना फोनवर ऐकू येत नाही. श्रावणात त्यांच्या मुलीने मला फोन केला. घर घेणारे नाना जुनी मातीची भिंत पाडणार, असे सरांना कळले होते. माश्या आहेत की गेल्या, एवढे बघून याल का, बाबा नीट जेवत नाहीत, असे ती म्हणाली.

ते ऐकल्यापासून माझेही चित्त ठिकाणावर नव्हते. या माश्यांची वयस्क राणी पोट वाढून जड झालेली असते, तिला उडता येत नाही. भिंत कोसळली तर बाकीच्या उडतील आणि राणी ढिगाऱ्यात राहील. मग ती वसाहत संपलीच. वेळ आली तर असावी म्हणून एक रिकामी लाकडी पेटी घेतली आणि शनिवारी सकाळी पिंप्राळ्यातल्या घरून रिक्षाने जळगावचा स्टँड गाठला.

एसटीत पेटी मांडीवर होती. शेजारच्या आबांनी आत काय म्हणून विचारले. मी मधमाश्यांसाठी आहे, पण आता रिकामी आहे, असे सांगितले.

"खाली शे, मंग छिद्र कसाले?" (रिकामी आहे, मग छिद्र कशाला?)

हवेसाठी, असे माझ्या तोंडून निघाले. आबा सीटच्या टोकाला सरकले आणि पाचोऱ्यापर्यंत त्यांनी त्या छिद्रावरची नजर काढली नाही. बाहेर केळीच्या बागा गेल्या, मग कपाशी लागली. पाचोऱ्याला भजी घेतली, पण घशाखाली उतरेनात. गाडी सुटताना पेटी हॉटेलच्या बाकावरच राहिली होती. कंडक्टरच्या शिव्या खात धावत जाऊन आणली.

भडगावला गिरणा नदीचे पाणी गढूळ वाहत होते. पुढे रिक्षाने गावात शिरलो तर दारोदारच्या भिंती ताज्या सारवलेल्या, रंगवलेल्या. पहिल्यांदा बरे वाटले. मग आठवले, उद्या कानबाई. खानदेशात ही देवी श्रावणात रविवारी घरी येते आणि ती येण्याआधी घराचा कोपरा न् कोपरा लख्ख करतात. मी रिक्षावाल्याला जोरात घ्यायला सांगितले.

सरांच्या घराची भिंत शेणामातीने तुकतुकीत झाली होती. नळी नव्हती. भिंतीसमोर काळ्या चिलटांसारखा एक पुंजका घिरट्या घालत होता. चारा आणायला गेलेल्या माश्या परत आल्या होत्या आणि त्यांना दार सापडत नव्हते.

नानांच्या घरच्या अक्का कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे दळण पाखडत होत्या. त्यांनी आदल्या दिवशी ती डिंकाची घाण खुरप्याने खरवडून वरून हात फिरवला होता. मी का विचारतोय हेच त्यांना कळेना.

"कानबाई येई ऱ्हायनी, भाऊ. भीतले भोक ठेवू का?" (कानबाई येतेय. भिंतीला भोक ठेवू का?)

आत मध आणि परागाचा साठा असेल, ओल्या मातीतून थोडी हवा जात असेल, अशी मनाची समजूत घातली आणि नानांना गळ घातली. बोटभर कोरा, सारवण परत तुम्हीच करा, या अटीवर ते तयार झाले.

छत्रीची तार घेतली. खुंटी शोधली. खाली वीतभर मोजून कोरले. नुसती माती. जरा बाजूला कोरले. तिथेही माती. गुळगुळीत भिंतीला दोन ओरखडे पडले आणि अक्कांनी सूप खाली ठेवले.

"इतलं शिकीसन भीतच कोरनी व्हती का?" नाना म्हणाले. (इतकं शिकून भिंतच कोरायची होती का?)

सरांनी हीच जागा सांगितली होती, खुंटीच्या खाली, असे मी पुन्हा म्हणालो. माझा आवाज रडवेला झाला असावा.

"खुंटी त मी सरकाडी दिन्ही. तोरणसाठे," नाना म्हणाले. (खुंटी तर मी सरकवली. तोरणासाठी.)

तेव्हा कुठे मी माश्यांकडे पाहिले. हातभर डावीकडे त्या एकाच जागी पुन्हा पुन्हा बसत होत्या. मी आलो तेव्हाही तिथेच बसत होत्या. तिथे तार लावली. ती सुळकन आत गेली. बाहेर मात्र काही आले नाही. नाना, अक्का आणि मी त्या काळ्या भोकाकडे बघत उभे. मी मनात सरांना काय सांगायचे याची वाक्ये जुळवू लागलो होतो. मग एक बारीक डोके दिसले. ते मागे गेले आणि मातीचा कण घेऊन परत आले. कण खाली पडला. मागून दुसरी माशी, दुसरा कण.

अक्का वाकून बघत होत्या. "त्या बी घर झाडी ऱ्हायन्यात," त्या हळूच म्हणाल्या. (त्याही घर झाडतायत.)

माझे ओरखडे त्यांनीच बुजवले आणि भोकाभोवती रुपयाएवढी जागा कोरी सोडली. रोट भाऊबंदांखेरीज कोणाला देत नाहीत, म्हणून माझ्यासाठी वेगळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा केला. तो घास मात्र उतरला.

परत येताना मांडीवर पेटी नव्हती. पण काळजी पूर्ण उतरली होती असे नाही. रविवारी सरांना पत्र लिहिले, ते असे:

आदरणीय सर,

सविनय जयभीम. माश्या आहेत. दार बुजले होते, ते उघडले. तुम्ही सांगितलेल्या जागी मी दोनदा कोरले, कारण ती तुम्ही सांगितली होती. माश्या समोर खरी जागा दाखवत होत्या आणि मी बघितले नाही. वर्गात असतो तर तुम्ही मला बाकावर उभे केले असते.

भिंत दिवाळीनंतर पडणार, हे खरे आहे. नाना आधी कळवतील. पेटी तिथेच ठेवली आहे. राणी माझ्या हातून सुखरूप निघेल की नाही, याची मला भीती वाटते. म्हणून तुम्हाला न्यायला नाशिकला येणार आहे. तोवर नीट जेवा. अंगणात तुमच्यासाठी खुर्ची टाकू. जागा तुम्ही सांगू नका, माश्यांना सांगू द्या. फक्त माझ्या हाताकडे लक्ष ठेवा.

आपला विद्यार्थी,
भास्कर