कवेलू उतरवणारा ठेकेदार

ती घटना आठवली की आजही आधी हसू येते. मग थोडी लाजही वाटते, कारण पहिली चूक माझीच होती.

त्या वेळी मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. उन्हाळ्याच्या शेवटी मोठे तुफान आले. झाडे पडली, टिनाचे पत्रे शेतात जाऊन पडले, आणि आमच्या ठाण्याच्या मोटारसायकल शेडचीही अर्धी कवेलू, म्हणजे मातीची कौले, उडाली. तुफानानंतर ठाण्यात माणसांची रीघ लागते. कोणाचा बैल दगावलेला असतो, कोणाचे झाड शेजाऱ्याच्या घरावर पडलेले असते. त्या गर्दीत एके दिवशी साठीची एक बाई येऊन उभी राहिली.

"साहेब जी, माह्या घरावरचं छत नेलं," ती म्हणाली.

"तुफानानं?"

"तुफानानं चार कवेलू नेले. बाकीचं ठेकेदारानं नेलं."

बाई कवेलू थापणाऱ्या घरातली. नवरा हयात असताना दोघांनी मिळून माती मळून, भाजून, स्वतःच्या हाताने घराचे छत केले होते. तुफानानंतर चौथ्या दिवशी एक ठेकेदार गावात गाडी घेऊन आला. गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी, हातात छापील कागद, तोंडात गोड भाषा. जुनी कवेलू आणि लाकूड मला द्या, मी नवे रंगीत टिन टाकून देतो, एक रुपया देऊ नका, असे तो म्हणाला. आठ घरांची छते त्याने एका दिवसात उतरवली, गाडीत भरली आणि टिन आणायला म्हणून जो गेला तो परत आलाच नाही.

मी विचारले, "पैसे किती दिले?"

"एक पैसा नाई."

"मग फसवणूक कसली, बाई? येईल तो. टिनाला उशीर झाला असेल."

हीच ती माझी चूक. आम्ही पोलीसच गावोगावी सांगत फिरत होतो की अनोळखी माणसाला आगाऊ पैसे देऊ नका. लोकांनी ते नीट ऐकले होते. पैसे मागत नाही, म्हणजे माणूस चोर नाही, असा सरळ अर्थ त्यांनी काढला. आणि गंमत अशी, की ठाणेदारानेही तोच काढला.

बाई हलली नाही. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना सुरू होता. सौंदडची विहीण आदल्याच दिवशी येऊन उघडे घर पाहून गेली होती. आठ दिवसांत छत झाले नाही तर सुनेला घेऊन जाते, असे तिने बजावले होते.

"चोर पकडा, नाईतर नका पकडू," बाई म्हणाली. "पन माह्या पोरीचं पयलं बारंतपन माह्याच घरी होईन. मले छत पायजे. तुमी काऊन बसून राहिले?"

असे ठाणेदाराला तोंडावर विचारणारी माणसे आमच्या भागात पुष्कळ आहेत. मला ती आवडतात. मी तक्रार लिहून घेतली.

खबर तिसऱ्या दिवशी मिळाली, आणि ती वनविभागाच्या नाक्यावरच्या एका वनरक्षकाकडून. त्याचा फोन आला. म्हणाला, "साहेब, मागच्या हप्त्यात जुन्या कवेलूची गाडी गेली. डायव्हर म्हने, टाकाऊ माल आहे, खड्ड्यात टाकून देतो. पन कवेलूच्या मधात धानाची तनस भरली होती, एक बी फुटू नये म्हनून. टाकायच्या मालाले एवढं कोनी जपते का जी?"

या माणसाला मी आजही मनातल्या मनात सलाम करतो. त्याने रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहून ठेवला होता. त्या नंबरावरून आम्ही गोंदिया शहरात पोहोचलो आणि ठेकेदाराला ठाण्यात आणले.

माणूस मुरलेला होता. खुर्चीवर ऐटीत बसला, पाणी मागितले, पंखा वाढवायला सांगितले. त्याचे म्हणणे असे: "साब, मैं पुराना मिस्त्री हूँ. छत का ही काम करता हूँ. टिन का माल कंपनी से नहीं आया, इसमें मेरा क्या कसूर? देर हुई है, धोखा नहीं."

म्हणजे त्याला कायदा बरा कळत होता. काम अर्धवट राहिले तर तो दिवाणी वाद. फसवणुकीच्या गुन्ह्यात हेतू पहिल्यापासून वाईट होता हे दाखवावे लागते, आणि हेतू काही कपाळावर लिहिलेला नसतो. दोन तास मी वेगवेगळ्या बाजूने तेच प्रश्न विचारले. त्याने गुळगुळीत उत्तरे दिली. हवालदार कंटाळून जांभया देऊ लागले.

माझी नजर खिडकीतून बाहेर गेली. समोर आमचे शेड, अर्धे उघडे. खाली पडलेली कवेलू भिंतीशी रचून ठेवलेली. त्याच शेडच्या सावलीत बाई जबाबासाठी बसली होती.

"मिस्त्री आहेस ना?" मी म्हटले. "चल, आमचे शेड शाकारून दे. तेवढीच सरकारला मदत."

त्याच्या चेहऱ्यावरची ऐट पहिल्यांदा हलली. पण नाही कसे म्हणणार? मी दोन पंच बोलावले. शिडी लावली. ठेकेदार वर चढला, थेट आढ्यापर्यंत गेला आणि तिथून कवेलू लावायला सुरुवात केली.

ज्याने कधी कवेलूचे घर पाहिले नाही त्याच्यासाठी सांगतो. कवेलू खालच्या कडेपासून लावत वर जायचे असते. वरच्या कवेलूचे तोंड खालच्यावर चढले पाहिजे, तरच पाणी घसरून खाली जाते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. वरून सुरुवात करणारा माणूस मी जन्मात तो एकच पाहिला.

बाई उठून उभी राहिली. कमरेवर हात ठेवले.

"अगा बाप्पा! वरून खाली कोन लावते गा? धोतर डोस्क्यावरून नेसते का कोनी?"

पंच हसले, हवालदार हसले, पहाऱ्यावरचा शिपाईही हसला. वर ठेकेदार गोंधळला, त्याचा पाय सरकला आणि पाच-सहा कवेलूंसह तो घसरत खाली आला, तो नेमका हवालदारांच्या मोटारसायकलच्या सीटवर. लागले काही नाही. आरसा तेवढा फुटला, आणि त्याबद्दल हवालदार मला आजही टोमणे मारतात.

सीटवरून उतरून तो तिथेच मातीत बसला. हात जोडले आणि म्हणाला, "साब, उतारना आता है. चढ़ाना नहीं आता."

छत्तीस प्रश्नांनी जे झाले नव्हते ते एका शेडने केले. माल कुठे आहे हे त्याने पंचांसमोर सांगितले, त्याचा मेमोरंडम पंचनामा झाला आणि त्याने माल दाखवला. जंगलाच्या वाटेवर एका व्यापाऱ्याच्या आवारात कवेलूंचे आणि लाकडांचे ढीग लागले होते. एका रिसॉर्टला गावाचा देखावा उभा करायचा होता म्हणे. आमची माणसे कवेलू काढून टिनाच्या मागे लागली होती, आणि शहरातली माणसे त्याच कवेलूखाली झोपायला येणार होती. मी त्या व्यापाऱ्यासमोरच हसत सुटलो.

व्यापारी म्हणाला, "कवेलू तो सब एक जैसे होते हैं. किसका कौन सा, कैसे पहचानोगे?"

ओळख पटवायला आम्ही बाईला सोबत आणले होते. तिने एक कवेलू उचलले, उलटे केले आणि माझ्या हातात दिले. आतल्या बाजूला तीन बोटांची खूण होती. तिचा नवरा ओल्या मातीवर प्रत्येक कवेलूला ती करत असे. मग तिने आणखी एक शोधून काढले. त्यावर चार इवल्या बोटांचे खड्डे होते.

"हे माह्या पोरीचं. तीन वर्साची होती. बाप कवेलू थापे, आन हे वरून हात मारे."

एवढे बोलून तिने ते कवेलू पोटाशी धरले. मी दुसरीकडे पाहिले. पंचनामा लिहिणारे हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, लहान मुलाच्या बोटांचे ठसे असे लिहितो. पण कोर्टात कोणी त्याला आरोपी समजू नये."

न्यायालयाच्या आदेशाने माल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत जपून ठेवायच्या हमीवर, परत मिळाला, तोही विहिणीच्या मुदतीच्या आत. आता छत चढवणार कोण? बाईने शेजारच्या गावचा एक म्हातारा मिस्त्री बोलावला. मीही पाहायला गेलो, कारण एव्हाना मला या विषयात गोडी लागली होती. त्याने आधी दोन गावांतली घरे सांगितली आणि म्हणाला, "तिथं जाऊन घरच्या बाईले इचारा, पावसायात कुठं गरते. मंग मले बलवा." लाकूड ठोकून पाहिले आणि सांगितले की हे अजून वीस वर्षे चालेल, बदलू नका. काय बदलायची गरज नाही ते जो स्वतःहून सांगतो, तो मिस्त्री खरा. जुने उतरवण्याआधी नवे दारात आले पाहिजे, हे मी त्यानंतर प्रत्येक गावसभेत सांगू लागलो. माणसाला काय मागतोस हे विचारून भागत नाही. काय नेतोस आणि काय करून दाखवतोस, हेही विचारायला हवे. पोलीस असून मला हे त्या शेडखाली कळले.

विहीणबाई आल्या. भर दुपारी घरात मधोमध बसून त्यांनी वर पाहिले. कुठून उन्हाचा कवडसा येतो का, हे त्या शोधत होत्या. एकही सापडला नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं आहे," आणि पाय पसरून चहा मागितला. बाईचा चेहरा असा उजळला, की मलाच कुठलेतरी पदक मिळाल्यासारखे वाटले.

मुलगी झाली. ऐन पावसात झाली, आणि घरात एक थेंब पडला नाही.

दिवाळीनंतर बाई ठाण्यात आली. पदराखालून एक नवे, ताजे भाजलेले कवेलू काढून तिने माझ्या टेबलावर ठेवले. आत एवढासा पंजा उमटला होता, पाची बोटे स्पष्ट.

"हे नातीचं," ती म्हणाली. "पंचनामा करून घ्या जी. चोरी गेलं तर ओरख पटन."

गोंदियातले माझे घर स्लॅबचे आहे, तिथे कवेलूला जागा नाही. ते माझ्या लिहायच्या टेबलावर असते. सगळ्या नोकरीत एवढा एकच मुद्देमाल मी सरकारजमा केला नाही.