भिंत झाली, रस्ता उरला

नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता म्हणून मला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. रायगडच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव. गावातला वहाळ खाडीला मिळण्याआधी एक वळण घेतो, आणि त्या वळणावर तो रस्ता पोखरत चालला होता. दोन पावसाळ्यांत रस्त्याची कड इतकी खचली की एसटी नाक्यावरच थांबायला लागली. म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन तिथून चालत घरी यायच्या.

मंजूर झालेलं काम असं : वहाळाच्या कडेने साठ मीटर संरक्षक भिंत, तळाला दगड बसवणे, आणि नाक्यापासून खाडीपर्यंत व तिथून वरच्या आळीत जाणाऱ्या रस्त्याचं चारशे मीटर डांबरीकरण. अंदाजपत्रक माझ्या हातचं. दीड मीटरवर कातळ लागेल असं मी त्यात धरलं होतं.

मार्चमध्ये ठेकेदाराचा फोन आला. तो पेणकडचा. वडिलांचं मिठागर होतं, याच्याकडे आता दोन डंपर आणि एक जेसीबी होता.

"मॅडम, या तुम्ही. खाली काय हाय ते बघाच."

गेले. नाक्याकडचा अर्धा भाग ठीक होता, तिथे कातळावर पाया भरून झाला होता. खाडीकडच्या भागात मात्र जेसीबीचं बकेट काळा चिखल घेऊन वर येत होतं. खड्डा साडेतीन मीटर खोल गेला होता. ठेकेदाराच्या माणसाने त्याच्या तळाशी सळई रोवली, ती हाताच्या जोरानेच आणखी आत गेली.

तिथेच खडीच्या ढिगावर बसून मी वहीत आकडेमोड केली. इतका खोल पाया घ्यायचा तर खर्च मंजुरीच्या सव्वापट जातो. सुधारित अंदाजपत्रक करायचं, तांत्रिक मंजुरी घ्यायची, सभेपुढे ठेवायचं, वर पाठवायचं, यात चार महिने सहज जाणार. पावसाला अडीच महिने होते. रस्त्याच्या कडेला एवढा खड्डा उघडा राहिला असता तर उरलेला रस्ताही गेला असता.

"नाक्याकडं कातळाच्या वर मुरूम लागला ना, तिथंबी कातळच फोडला दाखवा," ठेकेदार म्हणाला. "त्या पैशात इथलं निघंल. तुमचं बी भागंल, माझं बी. कोन उकरून बघनार हाय?"

चहा घेणार का विचारावं तशा आवाजात तो हे बोलला. मी "बघू" म्हणाले. "नाही" म्हणाले नाही, हे खरं.

ऑफिसात येऊन फाइल काढली. जमिनीचा अंदाज घेण्यासाठी मी दोनच चाचणी खड्डे घेतले होते, दोन्ही नाक्याच्या बाजूला. त्या दिवशी खाडीकडे भरतीचं पाणी चढलेलं होतं. ओहोटीपर्यंत थांबले असते तर चौलला मावसबहिणीच्या साखरपुड्याला उशीर झाला असता. मी थांबले नाही. नकाशावर कातळाची रेघ सरळ पुढे ओढली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी पुन्हा वहाळावर गेले. खाडीकडच्या टोकाला, रस्ता आणि वहाळ यांच्या मध्ये, एका चाचांचं घर आहे. वय सत्तरीच्या पुढे. पंचवीस वर्षं आखातात बंदरावर क्रेन चालवून परतलेले. काम सुरू झाल्यापासून ते कंपाऊंडपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून रोज बघत बसायचे. आमची भिंत त्यांच्या कंपाऊंडला बाहेरून वळसा घालून जाणार होती. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"बेटी, तिथे जन्मभर खोदलंस तरी चिखलच निघेल."

"मग कातळ कुठे आहे, चाचा?"

त्यांनी बोट दाखवलं ते स्वतःच्या आवारात. "आत. त्या नारळाच्या अलीकडे. अम्मा त्याच्यावर कपडे आपटायची."

मला क्षणभर कळेना. कपडे धुवायचा कातळ घराच्या आवारात कसा?

"वहाळ आत होता," ते म्हणाले. "आखातातून आलो तेव्हा मी भराव टाकला आणि कंपाऊंड घातलं. कुणी विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. पाणी तेव्हापासून वर रस्त्याला धडकतंय."

त्यांच्या परवानगीने आवारात पहार ठोकली. भराव संपला आणि दीड मीटरच्या आतच पहार टणकन वाजली. तिथून पुढे चार ठिकाणी तपासलं. बहुतेक जागी कातळ होता, फक्त शेवटच्या बारा मीटरांत पुन्हा गाळ.

"चाचा, भिंत इथून घेतली तर तुमचं कंपाऊंड जाईल."

"मालूम आहे. चार दिवस तेच मोजत बसलो होतो." मग म्हणाले, "मुलगा ओरडलाय फोनवर. त्याचं मी बघतो. फक्त तो नारळ तोडू नका. माझ्या बीवीने लावलेला आहे."

नारळ अडीच हात अंतराने वाचत होता. मी हो म्हणाले. त्यांनी दोन दिवसांत संमतीपत्र सही करून दिलं, आणि कंपाऊंडचे चिरेही भिंतीमागे भरायला देऊन टाकले.

ठेकेदाराला मी सांगितलं, "न फोडलेला कातळ मी मोजमाप पुस्तकात लिहिणार नाही." तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग शेवटच्या बारा मीटरला भिंत कशाला घालता? जाळीत दगड भरून पेटारे लावा. जमीन दबली तर त्येबी दबतील, पन फुटनार न्हाय. दगड मी आनतो, दर तुमच्या पुस्तकातला." सूचना चांगली होती. मी ती घेतली आणि टिपणीत त्याने सुचवल्याचं लिहिलंही.

ती टिपणी घेऊन मुख्याधिकाऱ्यांसमोर उभी राहिले. त्यांनी शांतपणे वाचली. मग विचारलं, "चाचणी खड्डे किती घेतले होते?"

"दोन, सर."

"खाडीकडे?"

"एकही नाही. भरती होती. मी थांबायला हवं होतं."

"‘अनपेक्षित भूस्तर’ असं लिहिता आलं असतं तुम्हाला."

"अनपेक्षित नव्हता, सर. मी बघितला नव्हता."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "नोटीस काढावी लागेल." आणि बदललेल्या आखणीवर शेरा मारून फाइल पुढे वरिष्ठांकडे पाठवली. खर्च मर्यादेत ठेवला तर या बदलाला वरची मंजुरी लागेलच, पण ती लवकर मिळेल, असं ते म्हणाले. मंजुरी सतरा दिवसांत आली.

एवढं करूनही हिशेब जुळत नव्हता. चुकीच्या जागी झालेली खोदाई, ती पुन्हा भरणं, पेटारे. कुठेतरी कात्री लावायलाच हवी होती. ती मी रस्त्याच्या शेपटाला लावली. वरच्या आळीतलं एकशे चाळीस मीटर डांबर वगळलं, तिथे फक्त खडी दाबली.

मी वरच्या आळीतच भाड्याने राहत होते. घरमालकीणबाईंना हे नगरसेवकाकडून कळलं. मी संध्याकाळी पायरीवर चप्पल काढत होते, तर त्या दारातच उभ्या.

"तुला लेकीसारखं ठेवलं घरात, आणि रस्ता आमचाच कापलास?"

"काकी, भिंत नसती झाली तर खालचा रस्ताच राहिला नसता. मग वर कुठून येणार होतो आपण?"

"ते मला नको सांगूस. आमच्या ह्यांना रिक्षातून दवाखान्यात नेताना हाडं खिळखिळी होतात, ते तू बघतेस रोज."

बघत होते. आत जाऊन मी दिवा लावला. काकी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. भाडंही मुलाकरवी घेतलं.

भिंत मेअखेर झाली. जुलैत एका अमावास्येला मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले. छत्री घेऊन गेले तर ठेकेदार आधीच तिथे उभा होता, बिल निघून गेलेलं असतानाही. पाणी भिंतीच्या वरच्या थरापर्यंत चढलं, चाचांच्या आवारातल्या नारळाच्या बुंध्यापर्यंत आलं आणि ओहोटीबरोबर उतरलं. भिंत हलली नाही. खाडीकडचा एक पेटारा वीतभर खचला, त्याच्यावर ठेकेदाराने दिवाळीनंतर स्वतःच्या खर्चाने दगड चढवले.

गणपतीच्या आधी एसटी आत यायला लागली. चाचांच्या घरापाशी वळते आणि परत जाते.

नोटिशीला मी खुलाशाचं पत्र दिलं, त्यात जे घडलं तेच लिहिलं. सेवापुस्तकात ताकीद लागली, आणि माझ्याबरोबर लागलेल्यांपेक्षा मला बढती वर्षभर उशिरा मिळाली. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. बरेच दिवस वाटत राहिलं. वरच्या आळीचं डांबर पुढच्या वर्षीच्या निधीतून झालं, तोवर माझी बदली तळा तालुक्यात झाली होती.