हात तर वर झालेत ना

"असू द्या, हात तर वर झालेत ना. लिहून घ्या," साहेब म्हणाला. अख्खं पटांगण खदाखदा हासलं.

त्यातला पहिला हात माहा होता.

सावली तालुक्यातलं आमचं गाव. दवाखाना आमच्या बौद्ध मोहल्ल्यात, विहाराच्या मागं. दोन खोल्या अन एक नर्सबाई. दार ढकललं की झालं, वशिला लागत नाई. हा दवाखाना उचलून दूर सडकेवरच्या फाट्यावर न्यायचा होता, मालगुजाराच्या राइस मिलले लागून. जागा मालगुजारच देणार. त्यावर गावाचं मत घ्यायले साहेब आला होता. बड्या घरच्या बायांले दवाखान्यासाठी आमच्या मोहल्ल्यात पाय ठेवाले जिवावर येते, हे मात्र कोणी माईकवर बोललं नाई.

आम्ही बाया मागं, सतरंजीवर. समोर साहेबाच्या बाजूले खुर्चीत वैशाली. मालगुजाराची लेक. राह्यते चंद्रपूरले, पण सभेत बोलाले आली होती गावच्या महिलांच्या वतीनं. सातवीपर्यंत माह्या बाजूले बसायची, 'मले पेन्सिल दे वो' म्हणायची. आता म्हणते, "आमच्या भगिनींना समजावून सांगावं लागतं, सर."

मी जळली. खोटं काऊन बोलू? तिच्या साडीवर नाई जळली. तिच्या बोलण्यावर जळली. सावकाश, थांबून थांबून, अन मधात कोणी तोंड घालत नाई. तिच्या पोरीवर जळली. माह्याच पोरीएवढी आहे ती. तिले शिंक आली की गाडी निघते. माह्या पोरीले सिकलसेल. हाडं दुखाले लागली की ती जमिनीवर लोळते, अन मी तिले कडेवर घेऊन दवाखान्यात पळते. एवढी मोठी पोरगी, बाप्पा! विहाराच्या मागपर्यंत नेता येते. फाट्यापर्यंत नाई नेता येत. माहं सारं भांडण एवढंच आहे. वैशालीची पोरगी तिथी पटांगणात उड्या मारून राह्यली होती, अन मले त्या उड्यायचाही हेवा वाटला. लेकरावर जळू नये म्हणतात. मी जळली.

साहेब लय वेळ बोलला. कागदावरचं मराठी. भोंगा खरखर करून राह्यला होता, मागं अर्धं ऐकू येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "स्थलांतराच्या बाजूने कोण आहेत, त्यांनी हात वर करावेत."

स्थलांतर! हा शब्द तं आमच्या ओळखीचा. धान निघालं की आम्ही पोरं घेऊन तेलंगणात मिरची तोडाले जातो. शाळेत गुरुजी पोराच्या नावापुढं हाच शब्द लिहितात. मले वाटलं, दवाखान्याचं मागून विचारतील, आधी मिरचीवाल्यायसाठी सरकारनं काही काढलं. मी हात वर केला. वरून बाजूच्या बायांले कोपरानं ढोसलं, "करा वो, आपल्यासाठीच आहे." सतरंजीवरचे सारे हात वर झाले.

वैशालीनं माईक ओढला. "सर, यांना स्थलांतर म्हणजे मिरची तोडणं वाटतंय!" हासून हासून तिच्या डोळ्यात पाणी आलं.

मंग साहेब बोलला ते वाक्य.

म्हंजे त्याले समजलं होतं. आमचं चुकलं हे समजूनच तो लिहून घेऊन राह्यला होता.

मी उठली. बाजूच्या म्हाताऱ्या शांताबाईनं पदर ओढला, "बस खाली वो, आणखी हासतील." हासू दे. खुर्च्यायच्या मधातून मी टेबलापाशी गेली. वैशालीनं माईकवर हात ठेवला. "तू राहू दे गं. मी सांगते तुझ्या वतीनं."

"माह्या वतीनं तू काऊन? तू तं चंद्रपूरची."

माईक हिसकला मी. हो, हिसकलाच. मागून कोण देते?

"साहेब, माहा हात खाली. लिहा. ज्या बायांचे हात मी वर करवले, त्यायचेही खाली. दवाखाना हालला तं माही पोरगी घरातच तडफडते. आम्ही हालवू देत नाई."

आवाज फाटला. पण मागं एक एक बाई उभी झाली, शांताबाईही. "माहाही खाली." "माहाही."

साहेबानं घाम पुसला. म्हणाला, पुढच्या सभेत पाहू. वैशाली लगेच म्हणाली, "संक्रांतीनंतर ठेवा, सर. तेव्हा लोक मोकळे असतात."

मोकळे! संक्रांतीनंतर आमच्या मोहल्ल्यात घरोघरी कुलपं असतात. सारे मिरचीत. हे तिच्याएवढं कोणाले ठाऊक? शाळेत दरसाल तवापासून माही जागा रिकामी पडायची, तिच्याच बाजूची. ती शिकत राह्यली, मी मिरची तोडत राह्यली. तिचं ते बोलणं तिथूनच आलं. मले आत्ता समजलं की मी कशावर जळते. माह्या वाट्याचं होतं ते.

घरी सांगतलं, त्या सभेले मी गावातच राहीन. नवरा म्हणे, "दोघंही गेलो नाई तं वर्ष कसं निघन?"

"तुमी जा," मी म्हटलं.

चार दिवसांनी मुकादम आला, मजुरांची नावं घ्यायले. मी दारातच उभी होती. त्याले म्हटलं, "भाऊ, माहं नाव घेऊ नको. औंदा मी कुठीच जात नाई. अन दवाखानाही जात नाई."