राइस मिलमधला माझा पहारेकरी

आमच्या मॅनेजरांइतक्या मोठ्या आवाजात माया करणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. गोरेगावच्या आमच्या राइस मिलमध्ये यंत्रं दिवसभर धडधडत असायची, पण रस्त्यावरच्या चहावाल्याला ऐकू यायचे ते मॅनेजरच. हमालावर ओरडायचे, ट्रॅक्टरवाल्यावर ओरडायचे, पंखा बंद पडला तर त्यालाही विचारायचे, "काऊन बे, थकला का?"

मध्यंतरी माझं डोकं बिघडलं. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणाले. मला एवढंच कळत होतं, की अंथरुणातून उठवत नाही आणि तोंडातून शब्द निघत नाही. बऱ्याच दिवसांनी कामावर आलो तर मालक म्हणाले, "इसको घर भेज दो." घरी गेलो असतो तर पुन्हा उठलो नसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मॅनेजर मालकांवरही ओरडले, "बीमार हाय तो, बेकार नाही! माझ्याजवळ बसंल."

आणि बसवलंच! डॉक्टरांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं, याला एकटं ठेवू नका. मॅनेजरांनी ते इतकं मनावर घेतलं, की मी संडासात गेलो तरी हे बाहेर उभे राहून खाकरायचे. "हायेस ना बे?" सगळी मिल हसायची. गोळ्यांमुळे सकाळी झोप आवरायची नाही, म्हणून मला उशिरा यायची मुभा दिली, कुणी कुरकुरलं तर "तू बी खा त्या गोळ्या!" आणि काम दिलं धान चावायचं. ट्रॅक्टर आला, की चार दाणे माझ्या तळहातावर. कटकन फुटला तर सुका, दाताखाली दबला तर ओला. बाकी काही बोलावंसं वाटत नसे, पण तेवढा एक शब्द द्यावाच लागे. एकदा मी ओला म्हटलेल्या धानाला मॅनेजर सुका म्हणून अडून बसले. "ओलाच हाय! दात पडले का तुमचे?" मी ओरडलो. हमाल जागच्या जागी थांबले. मॅनेजरांनी लगेच माझ्या बायकोला फोन लावला, "बाई, भांडला वो आज! चांगला भांडला!"

गेल्या दिवाळीनंतर ते काम सोडून सालेकशाला, आपल्या गावी निघाले. बसस्टँडवर मी पाया पडलो, तर पाय मागे घेतले.

"माझा लहान भाऊ बी असाच चूप झाला होता," ते म्हणाले. "आमी त्याले आळशी म्हणत होतो. मीच जास्त. गेला तो."

त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तू उठला बे," एवढं म्हणून ते बसमध्ये चढले, आणि मी भर स्टँडवर लेकरासारखा रडलो.