चांद्याच्या बाई

"हाडं बोलून राहिले आज," असं म्हणत बाई दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवायच्या, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायच्या आणि वर्गावर जायच्या.

सत्तरनंतरची ती वर्षं. यजमानांची पाटबंधारे खात्यातली बदली झाली, म्हणून त्या विदर्भातल्या चांद्याहून थेट शिराळ्याच्या आमच्या शाळेत आल्या. साडीखाली लोकरीचे पायमोजे आणि डोळे कायम पिवळट. तुम्हीही पाहताक्षणी कावीळच म्हणाला असता. गल्लीतल्या बायकांनी तर उसाचा रस पोचवायला सुरुवात केली. "आवं बाई, कावीळ लय वंगाळ. प्या मुकाट्यानं!"

बाई प्यायच्या. मला हळूच म्हणायच्या, "कावीळ नाही हो गुरुजी. पण नाही कशाले म्हणू? डॉक्टरनं मले भरपूर पी म्हणूनच सांगून ठेवलं आहे."

आजाराचं नाव सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात, जिथं अडकतील तिथं जीवघेणं दुखतं, आणि त्या मोडतात म्हणून डोळे पिवळे दिसतात. ऊब, पाणी आणि रोजची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, एवढाच काय तो इलाज. गंमत म्हणजे हे सगळं त्या पावसाचा अंदाज सांगावा तशा सांगायच्या.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका भावाचा उपवास धरतात. शेजारणींचं ऐकून बाईंनीही धरला, आणि पाणीसुद्धा जेमतेमच प्यायल्या. त्यातच पावसात भिजल्या. शाळेच्या ओसरीत खुर्चीवर बसल्या त्या उठेचनात. शेजारच्या तालमीतून शिवा पैलवान धावत आला. परक्या बाईला हात कसा लावावा? पठ्ठ्यानं खुर्चीसकट उचललं.

"बाई, हलू नगा. तुमी पडला तर वस्ताद मला मारंल."

भर पेठेतून ही मिरवणूक घरी गेली. वेदनेनं डोळे भरले होते, तरी बाई हसत होत्या. "उपवास लगेच फळला न गुरुजी. भाऊ भेटला!" तेव्हापासून तो शिवाभाऊ झाला. इतकी गोड बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढं त्यांना दिवस गेले. धोका आहे हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. "मले माय व्हायचं आहे," त्या म्हणाल्या, "जपून होईन." जपलंही खूप. पण आठव्या महिन्यात ताप भरला, छातीत दुखू लागलं, श्वास पुरेना. सांगलीला हलवलं. अंगातलं रक्त झपाट्यानं उतरलं होतं, बाटल्या चढवायच्या होत्या.

मी रक्त मागायला तालमीत गेलो. कुणाला न भिणारे पैलवान माती उकरत उभे राहिले. वस्ताद म्हणाला, "बाटलीभर रगात म्हंजी वर्साचा खुराक गेला की गुरुजी." शिवा सदरा घालून माझ्याबरोबर निघाला. सुई बघून मात्र त्यानं डोळे गच्च मिटले. "सायेब, सांगून टोचा."

त्याचं रक्त जुळलं. मुलगी झाली, मूठभर, पण खणखणीत रडली. बाईंनी तिला पोटाशी घेतलं, पापे घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास थांबला.

शिवा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसून सांगितलं. त्यानं बाही वर सारून स्वतःचा दंड पाहिला.

"गुरुजी, दूध, तूप, बदाम, समदं खात हुतो मी," तो म्हणाला. "खरं सांगा, माझं रगात कुटं कमी पडलं?"